तीन नंबरचा दोर

चिसेंगा, ४ मे १९९७

कपेम्ब्वा,

नावापुढे काही लावत नाही. 'प्रिय' लिहिलं तर खोटं होईल, आणि 'श्रीमान' कसं लिहू, धाकटा भाऊ तू, माझ्या पाठीवर वाढलेला.

तुझी दोन माणसं काल येऊन गेली. 'आई, आई' करत होती. एकाच्या पायांत टोकदार बूट होते, आमच्या लाल धुळीत ते सारखे पुसत होता. म्हणाले, पोटनिवडणुकीला साहेब चिसेंगातून उभे राहतायत, एक जूनला फुटबॉलच्या मैदानावर सभा आहे, आणि लेंग्वेची विधवा म्हणून तुम्ही व्यासपीठावर साहेबांच्या शेजारी बसायचं. खुर्चीसुद्धा ठरली आहे म्हणे. गादीची.

जाताना कापडाचा गठ्ठा ठेवून गेले. हिरवं कापड, त्यावर खाणीतली टोपी आणि जागोजागी तुझं तोंड. छपाई चांगली आहे. पण हे कापड कमरेला गुंडाळून बाई खाली बसली की तुझं तोंड कुठे येतं, याचा विचार पक्षात कुणी केला का रे? शेजारची मोंडे हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसले. मग आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

अकरा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. का, ते सगळ्या चिसेंगाला पाठ आहे. तरी तुला पुन्हा सांगते, कारण सभांमधून तू ते वेगळ्याच चालीवर सांगतोस असं ऐकते.

जुलै शहाऐंशी. तीन नंबरच्या शाफ्टमध्ये माणसं खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या दोराच्या तारा तुटल्या होत्या. माणसांनी सांगितलं, दोर बदला, मगच उतरू. नऊ दिवस कुणी उतरलं नाही. तू तेव्हा खाण कामगार युनियनचा अध्यक्ष, अख्ख्या देशाचा. अडतीस वर्षांचा. लुसाकाहून पांढऱ्या गाडीतून आलास. मंत्र्याशी बोललास. मग फाटकापाशी पिंपावर चढून म्हणालास, "दोन आठवड्यांत नवा दोर येतोय, मला शब्द मिळालाय. तोवर पिंजऱ्यात निम्मीच माणसं जातील. आणि पहिल्या पिंजऱ्यात माझे दाजी जातील!"

माझा नवरा पुढे झाला. त्याने पाय ठेवला म्हणून बाकीच्यांनी ठेवला.

सहाव्या दिवशी, ऑगस्ट लागला होता, दोर तुटला. चौदा माणसं.

मयताला तू आलास. पुरुष बाहेर शेकोटीभोवती बसले होते, ते उठून बाजूला झाले. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "ज्याच्या शब्दावर तो गेला, त्याने त्याचं तोंड बघायचं नाही." तू परत फिरलास.

त्यानंतर तू बदललास, हे मीही मानते. मंत्र्यांशी गोड बोलणारा कपेम्ब्वा संपला. संप केलेस, सात महिने कोठडीत राहिलास. एका पक्षाचं राज्य मोडायला निघालेल्यांत तू पुढे होतास. ते जिंकले, तुला उपमंत्री केलं. मग त्यांनीच खाण विकायची भाषा काढली तेव्हा खुर्ची लाथाडून विरोधात बसलास. सगळं रेडिओवर ऐकलं. तुझं नाव आलं की मी रेडिओ बंद करायचे. मग पुन्हा लावायचे.

पण प्रत्येक सभेत तू ती चौदा नावं म्हणतोस. लेंग्वेचं सगळ्यांत शेवटी, आवाज उतरवून. लोक रडतात म्हणे. कपेम्ब्वा, माझा नवरा तुझी मतं मागायला मेला नाही.

खुर्ची दुसऱ्या कुणाला दे.

नसामा


चिसेंगा, १८ मे

कपेम्ब्वा,

तुझं सहा पानी उत्तर मिळालं. टोकदार बूटवाल्याने आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत दारातच उभा राहिला. मी त्याला शेंगा सोलायला बसवलं.

तू लिहितोस, "ताई, मी राजकारणात आलो तो त्या चौदांसाठी. नावं म्हटली नाहीत तर ज्यांनी दोर बदलला नाही ते सुटतील." असेल. तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे. लहानपणीही खोटं बोलताना तुझे कान हलायचे.

चोलाचं विचारलंस. ती आता वीस वर्षांची आहे. नदोलाला दिली, नवरा शाळेत शिकवतो. पहिलं मूल पोटात आहे. सध्या माझ्याकडेच आलीय. तुझं कापड तिने टराटरा फाडलं आणि त्याने ओसरी पुसली.

तिचं मन तुझ्याबद्दल इतकं कडू का, असं विचारतोस. आपल्यात मुलांवर बापापेक्षा मामाचा हक्क मोठा. खरं तर तिला तूच वाढवायची. मयतानंतर तीन महिन्यांनी तू तिच्यासाठी लाल बूट घेऊन आला होतास, आठवतं? नऊ वर्षांची होती. तू गुडघ्यावर बसून तिचा पाय हातात घेतलास. तिने तो हिसकला आणि म्हणाली, "तू माझ्या बाबांना मारलंस." तू माझ्याकडे बघितलंस. मी दारातच उभी होते.

मी तिला रागावले नाही. 'असं बोलू नये मामाला,' एवढंसुद्धा म्हटलं नाही. आणि तू बूट तिथेच ठेवून गेलास तेव्हा मला, खरं सांगू, बरं वाटलं.

त्या दिवशी लेंग्वे घरातून निघताना

असो. नळाला पाणी आलंय. पुन्हा जाईल.

सभेला मी येणार नाही.

नसामा


चिसेंगा, २७ मे

कपेम्ब्वा,

मागच्या पत्रातलं ते अर्धं वाक्य खोडायचं राहिलं. तू ते बरोबर पकडलंस. युनियनवाला तो युनियनवालाच. मालकाच्या कागदातलं न लिहिलेलं वाचायची तुझी सवय जात नाही.

तुझी चिठ्ठी दोनच ओळींची होती. "ताई, निघताना काय झालं?"

तीन दिवस झाले. चोला दवाखान्यात तपासायला गेलीय, घरात कुणी नाही, म्हणून लिहिते. पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर फाडेन.

पहिल्या दिवशी तो तुझ्या शब्दावर गेला. तेवढं खरं. पण दोर तुटला तो सहाव्या दिवशी. त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती. जेवण झालं आणि तो उंबऱ्यावर बसला. एक बूट घातला, दुसरा हातातच धरून ठेवला. मी म्हटलं, उशीर होतोय. तो म्हणाला, "मी आज जात नाही, नसामा. काल वर येताना मी दोर बघितला. बावीस वर्षं बघतोय. अजून दोन पदर गेलेत. कपेम्ब्वाला निरोप धाडतो, तो येईपर्यंत मी घरी बसतो."

कपेम्ब्वा, मी काय म्हटलं असेल? 'बस बाबा घरी,' असं कुठलीही बाई म्हणाली असती.

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर पाय ठेवलास आणि आज घरी बसणार? लोक काय म्हणतील? अध्यक्षाचा मेहुणासुद्धा अध्यक्षावर विश्वास ठेवत नाही! माझ्या भावाला तोंड दाखवायला जागा राहील का?" मग मी माझं दोरीवरचं कापड काढून त्याच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, "हे नेस. आणि बस चुलीपाशी."

त्याने कापडाची घडी घातली. नीट, चार पदरी. बाजूला ठेवली. मग दुसरा बूट घातला.

"बरं," म्हणाला. "तुझ्या भावासाठी."

मी हे तुझ्यासाठी केलं असं म्हणायला सोपं आहे. तसं नाही ते. तू अध्यक्ष झाल्यापासून पिठाच्या रांगेत बायका मला पुढे उभी करायच्या. दुकानदार उठून उभा राहायचा. ते सुटेल असं मला वाटलं. पिठाच्या रांगेतल्या पहिल्या जागेसाठी मी त्याला धाडलं.

आणि संध्याकाळी भोंगा वाजला, तेव्हा रडायच्याही आधी माझ्या मनात तुझं नाव आलं. म्हणजे कुणावर घालायचं ते.

आता तुला माहीत झालं. तुझ्या सभेत सांग नाहीतर काय वाटेल ते कर.

नसामा


चिसेंगा, ८ जून

कपेम्ब्वा,

मी सभेला आले होते. तू बघितलंस की नाही माहीत नाही. गोलपोस्टच्या मागे, मोंडेच्या आडोशाने उभी होते. जून म्हणजे आपल्याकडे ऐन थंडी, म्हणून डोक्यावरून शाल घेतली होती.

तुझ्या आधी तीन जण बोलले. मग तू उठलास. किती वाळलायस. खोकत खोकत माईक बाजूला केलास आणि तसाच बोलायला लागलास. खाण विकली तर दवाखाना जाईल, शाळा जाईल, घरं जातील. लोक ऐकत होते. मग तू चौदा नावांवर आलास. पहिलं नाव घेतलंस, दुसरं घेतलंस, तेवढ्यात पुढच्या रांगेतून म्हातारा सिचोने उठला. तोच, यंत्रघरात दोर फिरवायचा तो.

"ए कपेम्ब्वा! नावं आम्हाला पाठ आहेत. तू सांग, तेव्हा तू दोर बघितला होतास का?"

तुझे लोक त्याला खाली बसवायला धावले. तू हात केलास. "बोलू द्या त्यांना."

"मी विचारतोय, दोर बघितला होतास का रे? यंत्रघर फाटकापासून शंभर पावलांवर होतं."



"नाही," तू म्हणालास. "मी मंत्र्याचा चेहरा बघितला. दोर नाही बघितला."

मग तू व्यासपीठावरून खाली उतरलास आणि सगळ्या विधवा बसल्या होत्या तिथे गेलास. "माझ्या शब्दावर ते खाली गेले," म्हणालास. "खाणवाल्यांचा दोष आहे, सरकारचा आहे, ते मी मरेपर्यंत सांगेन. पण माझाही आहे. अकरा वर्षं मी ही नावं घेत फिरलो आणि हे एक वाक्य गाळत आलो. आयाबहिणींनो, यासाठी मला मत देऊ नका. मत द्यायचं तर खाणीसाठी द्या."

माझं पत्र तुझ्या कोटाच्या खिशात होतं. नंतर तूच सांगितलंस. तू बोलत होतास तेव्हा मला वाटलं, आता माझं नाव येणार. आलं नाही. माझ्या वाट्याचंसुद्धा तू सगळं आपल्याच डोक्यावर घेतलंस, आणि मी गोलपोस्टमागे उभी राहून ते घेऊ दिलं. म्हटलं, गुडघे दुखतायत, एवढ्या माणसांतून पुढे कशी जाणार. गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

नंतर तू घरी आलास. अकरा वर्षांनी. चोला मागच्या दाराने मोंडेकडे निघून गेली. मी हातावर पाणी घातलं, मक्याच्या पिठाची न्शिमा वाढली, सुके मासे. तू खाली मान घालून जेवलास. बाहेर गाडीत तुझी माणसं भांडत होती, टोकदार बूटवाला ओरडत होता, "संपवलं! एका वाक्यात सगळं संपवलं!"

"मीठ कमी आहे," तू म्हणालास.

"तुला खोकला आहे म्हणून कमी घातलं," मी म्हटलं. घालायला विसरले होते.

मग जाताना, चपला घालता घालता, तू ते बोललास. "ताई, पहिल्या दिवशी दाजींनी मला कानात विचारलं होतं, दोर तू स्वतः बघितलास ना? मी हो म्हटलं."

मी तुझी दुसरी चप्पल पुढे सरकवली.

"तुझ्या पत्राने माझं काही कमी झालं नाही," तू म्हणालास. "मला वाटलं होतं होईल. ते अर्धं अर्धं वाटून घेण्यासारखं नाहीच. तुझ्याकडे तुझं पूर्ण आहे, माझ्याकडे माझं."

तेव्हा मला तुझा राग आला. आठ दिवस होता. आज लिहायला बसले तेव्हा नाहीये.

छातीचं औषध वेळेवर घे.

नसामा


चिसेंगा, २० जुलै

कपेम्ब्वा,

निकाल रेडिओवर ऐकला. सहा हजार सरकारी पक्षाला, एकोणीसशे तुला. तुझं वाक्य त्यांनी गाण्यात घातलं होतं. गाडीवर कर्णा लावून गल्लीगल्लीतून वाजवत होते, "दोर न बघता मेहुण्याला धाडणारा, तुमची खाण काय सांभाळणार!" चाल चांगली होती, पोरांच्या तोंडी बसली. आमच्या दारावरून गेली की चोला आतून दार लावायची. तुझ्यासाठी नव्हे, बापासाठी.

तरी म्हातारा सिचोने सगळ्यांना सांगतोय की त्याने मत तुलाच दिलं. "हो किंवा नाही विचारलं आणि हो किंवा नाही उत्तर देणारा पुढारी मी पहिल्यांदा बघितला," म्हणतो.

आज सकाळी मोंडेचा नवरा वर्तमानपत्र घेऊन आला. राष्ट्राध्यक्षांचा अपमान केल्याबद्दल तुला पकडलंय. काय म्हणालास रे तू? पेपरवाल्यांनी ते छापलेलंच नाही. तुझ्या वकिलाच्या हाती हे पत्र आणि लोकरी बंडी देते. बंडी लेंग्वेची आहे. त्याला मोठी व्हायची, तुला होईल.

तुझी ताई


चिसेंगा, १२ ऑक्टोबर

कपेम्ब्वा,

हे पत्र तुझ्याआधी तुरुंगाचा साहेब वाचणार. वाचू दे. साहेब, यात सरकारविरुद्ध काही नाही, घरातलंच आहे.

दीड वर्षाची शिक्षा झाली, अपील चालू आहे, पक्षातले निम्मे लोक पलीकडे गेले, हे वकिलाने सांगितलं. टोकदार बूटवाला पहिल्याच आठवड्यात गेला. खाणीत परदेशी माणसं मोजमापं घेत फिरतायत. पांढऱ्या टोप्या घालून.

माझं सांगायचंय ते असं. ऑगस्टमध्ये चर्चच्या मागच्या खोलीत विधवांची बैठक होती. दरवर्षी दोर तुटला त्या दिवशी आम्ही जमतो. यंदा सगळ्या तुझ्यावरच बोलत होत्या. एक म्हणाली, "त्याला तुरुंगात सडू दे." मी उठले. या वेळी गुडघ्यांचं काही ऐकलं नाही. सगळं सांगितलं. उंबरा, बूट, कापड, पिठाची रांग.

मग कसुबाची आई, सगळ्यांत म्हातारी, म्हणाली, "नसामा, तुझ्या नवऱ्याला तू धाडलंस. माझ्याला कुणी धाडलं? नऊ दिवस संप. घरात पीठ नव्हतं. मी त्याला म्हटलं, पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही दोराच्या गप्पा मारताय." ती बोलली तशी दुसरी बोलली. मग तिसरी. कपेम्ब्वा, आम्ही चौदा घरांतून चौदा जणांना धाडलं होतं, आणि अकरा वर्षं ते एकमेकींपासून लपवून तुझ्या नावाने बोटं मोडत होतो. त्या दिवशी आम्ही रडलो तसं मयतालाही रडलो नव्हतो.

त्या बायकांनी मला माफ केलं म्हण, किंवा आपल्यात घेतलं म्हण. पण चोलाला ते बाहेरून कळायच्या आत मी घरी येऊन स्वतः सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं. निवडलेली भाजी निवडलेल्या ढिगात, न निवडलेली दुसऱ्या. हात थांबला नाही.

मग म्हणाली, "आई, मामा माझ्या पायाशी बसला होता. मी त्याला म्हटलं, तू माझ्या बाबांना मारलंस. नऊ वर्षांची होते मी. तू दारात उभी होतीस."

"हो," मी म्हटलं.

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

तिने हात धुतले, गाठोडं बांधलं. सातवा महिना होता, मी म्हटलं, बसमध्ये धक्के बसतील, सकाळी जा. थांबली नाही. मी थांब्यापर्यंत मागे मागे गेले. बस आली. तिने वळून बघितलं नाही, पण चढताना एका बाईने हात दिला तेव्हा तिला 'आई, सांभाळून' असं म्हणाली. त्या परक्या बाईला.

गेल्या रविवारी बाळ झालं. मुलगी. मला मोंडेकडून कळलं. आपल्यात पहिल्या बाळंतपणाला आईने जायचं असतं. मी गेले होते नदोलाला. जावई बाहेर आला, चांगला मुलगा आहे, माझ्यासाठी खुर्ची आणली. म्हणाला, "आई, ती झोपलीय." दुपारपर्यंत बसले. आतून बाळाचा आवाज येत होता आणि चोलाचा गाण्याचा. मग जावयाने मला बसपर्यंत पोचवलं.

तीन पत्रं टाकली तिला. रोज सकाळी पोस्टाच्या खिडकीशी जाते. तिथला बाबू मला लांबून बघतो आणि मी पोचायच्या आधीच मान हलवतो.

तू दर नाताळला मला एक कार्ड धाडायचास. ते मी न फोडता परत करायचे, पोस्टातच, याच खिडकीत. हा बाबू तेव्हाही होता. तुझ्या हातात ते परत पडायचं तेव्हा तू काय करायचास, मला माहीत नाही. पुढच्या नाताळला पुन्हा धाडायचास, एवढंच माहीत आहे.

तुझ्याकडे आता वेळ आहे, आणि कागद मिळतो असं वकील म्हणाला. उपदेश नको, बायबल नको. अकरा वर्षांतलं पहिलं वर्ष तू कसं काढलंस, तेवढं लिही. बाकीची मी बघेन.

तुझी ताई